बिगुलाविना सात सकाळी

फेब्रुवारी १९१८. उत्तर फ्रान्समधलं युद्ध साडेतीन वर्षं झाली तरी थांबायचं नाव घेत नव्हतं. त्याच देशाच्या आग्नेय कोपऱ्यात, आल्प्सच्या पायथ्याशी वसलेल्या एका निवांत गावात अमेरिकन शिपायांनी भरलेली आगगाडी येऊन थांबली. गावाचं नाव एक्स-ले-बँ. समोर अठरा किलोमीटर लांबीचं सरोवर, पाठीशी मों रेवारचा बर्फाळ डोंगर आणि मधे थाटामाटाची हॉटेलं. गाडीतून उतरणारी पोरं कुणी मक्याच्या शेतातून आलेली, कुणी गिरणीतून. एरवी अशा गावात त्यांचं काम काय? फार तर साहेबांच्या ट्रंका उचलण्याचं. आता त्यांना सात दिवस इथे राहायचं होतं आणि त्या सात दिवसांत काहीही करायचं नव्हतं.

ही गोष्ट वाचली तेव्हा आधी हसू आलं, मग कुतूहल वाटू लागलं. लष्कर म्हणजे माणसाला क्षणभर रिकामं बसू न देणारी संस्था. रांग लाव, बूट चमकव, खड्डा खण, बुजव, पुन्हा खण. अशा संस्थेने हजारो माणसांना मुद्दाम रिकामं बसवायचं ठरवलं. त्यासाठी गाड्यांची वेळापत्रकं आखली, हॉटेलांशी करार केले, नाटकमंडळ्या आणि बँड बोलावले, किती दिवस, कुणाला, कुठे, कुणाच्या पैशाने याचे लेखी हुकूम काढले. जनरलसाहेबांना एकाएकी पाझर फुटला होता असं समजायचं कारण नाही. तोफगोळ्यांचा साठा मोजणाऱ्यांनीच विश्रांतीचाही साठा मोजायला घेतला होता.

हा हिशोब त्यांना शिकवला तो आदल्या वर्षीच्या फ्रेंच बंडाने. एप्रिल १९१७मध्ये जनरल निव्हेलने शमँ-दे-दामच्या टेकड्यांवर मोठा हल्ला चढवला. अठ्ठेचाळीस तासांत जर्मन फळी फोडून दाखवतो, अशी त्याची भाषा होती. फळी फुटली नाही, माणसं मात्र हजारोंनी पडली. त्यानंतर काही आठवडे फ्रेंच सैन्याच्या जवळजवळ निम्म्या डिव्हिजनांमध्ये शिपाई म्हणू लागले, खंदक सांभाळू, पण हल्ल्याला उठणार नाही. त्यांच्या तक्रारी ऐकल्या तर त्यात मोठं राजकारण थोडं आणि घरची ओढ फार. जेवण धड नाही, रजेचं वचन कागदावरच राहतं, आणि रजा मिळालीच तर स्टेशनांवर दोन-दोन दिवस गाडीची वाट बघण्यात ती संपते. निव्हेलच्या जागी आलेल्या पेताँने एका हाताने काही जणांना गोळ्या घातल्या आणि दुसऱ्या हाताने रजेचं कोष्टक दुरुस्त केलं. दर चार महिन्यांनी सात दिवसांची रजा, आणि ती खरोखर मिळाली पाहिजे. शिवाय स्टेशनांवर झोपायची, जेवायची सोय. फ्रेंच सैन्य पुन्हा उभं राहिलं, त्यात या रजेचा वाटा मोठा होता असं मला वाटतं. पुढच्या महायुद्धात पेताँने नाझींशी हातमिळवणी केली, त्यामुळे त्याला कसलंही श्रेय देणं जिवावर येतं, ते वेगळं.

अमेरिकनांनी तेच प्रमाण उचललं: चार महिन्यांनी सात दिवस, प्रवासाचा वेळ वेगळा. पण फ्रेंच शिपाई रजा मिळाली की आपल्या गावी जाई. इंग्रज शिपायाची पाळी वर्षभराने येवो न येवो, आली की तो खाडी ओलांडून घर गाठू शके. अमेरिकनाच्या आणि त्याच्या घराच्या मधे अख्खा अटलांटिक आणि त्यात जर्मन पाणबुड्या. सात दिवसांत त्याने जायचं कुठे?

याचं उत्तर प्रत्येक शिपायाकडे तयार होतं: पॅरिस. वरिष्ठांना धडकी भरत होती ती याच उत्तराची. गुप्तरोगाने माणूस निकामी झाला काय आणि गोळीने झाला काय, पलटणीच्या हजेरीपटावर फरक पडत नाही. अमेरिकन सेनापती पर्शिंगच्या फौजेत गुप्तरोग झाला की उपचाराच्या दिवसांचा पगार कापत. फ्रेंचांना ही सोवळेगिरी कळेना. पंतप्रधान क्लेमान्सोने देखरेखीखालची वेश्यागृहं अमेरिकन फौजेसाठी उपलब्ध करून देण्याची तयारी पत्राने कळवली. ते पत्र वॉशिंग्टनमध्ये युद्धमंत्री न्यूटन बेकरच्या हातात पडलं, तेव्हा त्याने ते आणणाऱ्या रेमंड फॉस्डिकला विनवलं म्हणतात, की देवासाठी हे अध्यक्षांना दाखवू नकोस, नाहीतर ते युद्धच थांबवतील.

तेव्हा पॅरिस नको आणि घर शक्य नाही. तिसरी जागा शोधायची, तर एखाद्या भांडारप्रमुखाच्या नजरेने युरोपचा नकाशा बघायला हवा. हजारो खाटा, त्यावर चादरी, शेकडो माणसांचा स्वयंपाक एकदम उरकणाऱ्या भटारखान्यांची रांग, धुलाईची सोय, गरम पाणी आणि दारापर्यंत रेल्वे, हे सगळं एकाच ठिकाणी, आघाडीपासून लांब आणि रिकामं कुठे सापडेल? कारखान्यांच्या शहरात नाही, तिथे माणसांची दाटी. खेड्यात नाही, तिथे खाटा कुठून येणार? ते सापडतं थंड हवेच्या आणि गरम पाण्याच्या गावांत. श्रीमंतांनी ती हवापालटासाठी वसवलेली, आणि युद्धामुळे गिऱ्हाईक फिरकेनासं झालेलं. एकीकडे जायला जागा नसलेले शिपाई, दुसरीकडे मुक्कामाला माणूस नसलेली हॉटेलं. हॉटेलवाल्यांनी शिपायांचं स्वागत केलं त्यात देशभक्ती असेलच, पण मोकळ्या खोल्यांची चिंताही होती.

एक्स-ले-बँचा थाट केवढा होता ते जरा सांगायला हवं. इथल्या गंधकाच्या गरम झऱ्यांवर रोमन लोकांनी स्नानगृहं बांधली, त्यांच्या काळातली एक कमान आजही गावात उभी आहे. एकोणिसाव्या शतकात राणी व्हिक्टोरिया इथे तीनदा येऊन राहिली, तीही काउंटेस ऑफ बालमोरल असं नाव धारण करून, जणू कुणी ओळखणारच नव्हतं. अमेरिकन बँकसम्राट जे. पी. मॉर्गन इथला नेहमीचा पाहुणा. या गावाचा खास उपचारही बघण्यासारखा होता. संधिवाताच्या रोग्याला लाकडी आसनावर बसवत. मग दोन मालिशवाले, पुढे एक आणि मागे एक, गरम झऱ्याच्या पाण्याची नळी त्याच्या अंगावर धरून वाहत्या धारेखालीच त्याचे सांधे रगडत. पाणी गंधकाचं, वास कुजक्या अंड्यांचा. वज्रेश्वरीच्या कुंडात उतरलेल्या कुणालाही तो ओळखीचा वाटेल. शेवटी रोग्याला चादरी-कांबळ्यांत गुंडाळून पडदे लावलेल्या खुर्चीत ठेवत आणि दोन भोई ती खुर्ची उचलून थेट हॉटेलातल्या बिछान्यापर्यंत पोचवत, म्हणजे वाटेत वारं लागायला नको. पाय जमिनीला न लावता अंघोळ करून घरी.

अशा गावात खंदकातल्या उवा खाजवत आलेली माणसं! त्यांच्यासाठी वायएमसीएने, मुंबई-पुण्यालाही जिच्या इमारती आहेत त्या संस्थेने, चक्क गावातला ‘ग्रां सेर्कल’ नावाचा कॅसिनो भाड्याने घेतला. सोनेरी मोझेइकची छतं, नाट्यगृह आणि सरदार-जहागीरदारांनी इस्टेटी उधळल्या ते जुगाराचे दिवाणखाने. दारू आणि जुगार या दोन्हींच्या विरोधात प्रवचनं देणाऱ्या संस्थेने त्या दिवाणखान्यांत कॉफी आणि बिस्किटं मांडली. तिथल्या स्वयंसेविकांचं काम बघायला आलेली एलिनर रूझवेल्ट ही माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्टची सून; तिचा नवरा त्याच वेळी आघाडीवर पायदळात होता. (फ्रँकलिन रूझवेल्टची पत्नी ती वेगळी एलिनर. त्या घराण्यात नावांची टंचाई असावी.)

शिपायाचा दिवस कसा जाई? मुख्य म्हणजे सकाळी बिगुल नसे. कवायत नाही, हजेरी नाही. झोपायचं तर झोपा. वाटलं तर सरोवरात नाव वल्हवा, नाहीतर दातेरी रुळांवरून चढणाऱ्या लहानशा गाडीत बसून मों रेवारच्या माथ्यावर जा. ही रेल्वे १८९२पासून सुरू होती, माथा पंधराशे मीटरहून उंच. हवा स्वच्छ असली तर तिथून मों ब्लाँ दिसतो. संध्याकाळी कॅसिनोत नाटक, सिनेमा, गाणं. एका बाजूला हा मोकळेपणा, आणि दुसऱ्या बाजूला रस्त्यावर लष्करी पोलीस उभेच. दोर सैल होता, पण सुटलेला नव्हता.

आणि बँड. त्या पहिल्या दिवसांत एक्स-ले-बँला जो बँड वाजत होता त्याची गोष्ट या सगळ्या प्रकरणात मला सगळ्यांत विलक्षण वाटते.

न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातून उभी राहिलेली काळ्या शिपायांची एक पलटण होती, पंधरावी न्यूयॉर्क. पुढे तिला ३६९वी इन्फन्ट्री असा क्रमांक मिळाला. तिचा कर्नल विल्यम हेवर्ड गोरा. त्याला हौस की आपल्या पलटणीचा बँड सगळ्या सैन्यात अव्वल असावा. त्याने जेम्स रीझ युरोप या नामवंत संगीतकाराला गळ घातली. युरोपने अट घातली की वादक मी निवडणार, आणि चांगले वादक फुकट मिळत नाहीत. एका उद्योगपतीने दहा हजार डॉलर दिले, आणि युरोप क्लॅरिनेट-सॅक्सोफोनवाले शोधायला थेट पोर्टो रिकोला गेला. तिथून अठरा जण घेऊन आला. १९१८च्या पहिल्या दिवशी पलटण ब्रेस्ट बंदरात उतरली तेव्हा बँडने फ्रान्सचं राष्ट्रगीत वाजवलं. धक्क्यावरच्या फ्रेंच लोकांना ते आपलंच राष्ट्रगीत आहे हे कळायला काही क्षण जावे लागले. चाल तीच, पण तिने असा ठेका कधी धरला नव्हता.

पलटणीला बंदुका घेऊन लढायचं होतं. हातात दिली फावडी. सँ नाझेर बंदराजवळ रूळ टाका, गोद्या बांधा. गोऱ्या अमेरिकन डिव्हिजनांच्या शेजारी त्यांना उभं करायला सैन्य तयार नव्हतं. बँड मात्र हवा होता! फेब्रुवारीच्या मध्यावर युरोप आणि त्याचे वादक वाटेत गावोगाव कार्यक्रम करत एक्स-ले-बँला पोचले आणि जवळजवळ महिनाभर तिथे वाजवत राहिले, रजेवर आलेल्या गोऱ्या शिपायांच्या करमणुकीसाठी. सकाळ-संध्याकाळ मैफली. गावकरीही जमत. फ्रान्सने असं संगीत ऐकलंच नव्हतं. पुढे पॅरिसमध्ये एका नावाजलेल्या फ्रेंच बँडच्या प्रमुखाने युरोपकडून स्वरलिपी मागून घेतली, आपल्या वादकांकडून वाजवून बघितली, पण तो परिणाम काही येईना. मग त्यांनी या काळ्या वादकांची वाद्यंच हातात घेऊन उलटीपालटी तपासली, आत काही गुप्त कळ असेल या संशयाने. गुप्त काही नव्हतं. कळ फुंकरीत होती, जिभेच्या फटक्यात होती.

मार्चमध्ये बँड आपल्या पलटणीकडे परतला. तोवर अमेरिकन सेनापतींनी ही पलटण फ्रेंचांना देऊन टाकली होती, शब्दशः देऊन. फ्रेंच शिरस्त्राणं, फ्रेंच बंदुका. ती १९१ दिवस आघाडीवर राहिली आणि फ्रान्सने तिला क्रुआ द गेर हे शौर्यपदक दिलं. स्वतः युरोप मशिनगन तुकडीचा अधिकारी म्हणून खंदकात उतरला, विषारी वायूने आजारी पडला, त्यातून वाचला. घरी परतल्यावर मे १९१९मध्ये बोस्टनला, कार्यक्रमाच्या मध्यंतरात, त्याच्याच बँडच्या एका ढोलवादकाने भांडणात चाकू मारला आणि युरोप त्यात गेला.

मग काळ्या शिपायांना रजा नव्हती का? होती, पण वेगळी. एक्स-ले-बँपासून जवळच असलेली शाल-लेझो आणि शाम्बेरी ही दोन गावं त्यांच्यासाठी नेमली गेली, तीही युद्ध थांबल्यानंतर. एकच प्रांत, तेच डोंगर, तसंच गंधकाचं पाणी. फ्रान्सभर पसरलेल्या दीड लाखाहून अधिक काळ्या सैनिकांसाठी कित्येक महिने वायएमसीएच्या काळ्या महिला कार्यकर्त्या होत्या फक्त तीन. त्यांतल्या दोघींनी, अ‍ॅडी हंटन आणि कॅथरिन जॉन्सन यांनी, या अनुभवावर १९२०मध्ये पुस्तक लिहिलं. अपमान कुठे झाला हे त्या स्वच्छ सांगतात, आणि रजेच्या त्या गावांतल्या दिवसांबद्दल मात्र मन भरून लिहितात. दुकानदार, गावकरी या माणसांशी माणसासारखे वागले, एवढ्याचं अप्रूप त्यांना किती वाटलं असेल!

रजेचा हा कारखाना युद्धात फार काळ नीट चालला नाही. २१ मार्च १९१८ला जर्मनांनी अखेरचा मोठा रेटा लावला आणि रजा गुंडाळल्या गेल्या. खरी गर्दी झाली ती ११ नोव्हेंबरनंतर. तोफा थांबल्या, फ्रान्समध्ये वीस लाख अमेरिकन अडकलेले आणि त्यांना न्यायला जहाजं नाहीत. काम नसलेला शिपाई युद्धातल्या शिपायापेक्षा सांभाळायला अवघड, हे कुठल्याही सुभेदाराला विचारा. मग ओव्हेर्नच्या डोंगरांतलं ला बुर्बूल, ग्रनोब्लजवळचं युरियाज, थेट पिरेनीजमधली गावं, अशी एकेक हवाखाऊ ठिकाणं या यादीत येत गेली. नेमलेल्या ठिकाणी गेलात तर राहण्या-जेवण्याचा खर्च सरकार देणार, मनाने दुसरीकडे गेलात तर खिशातून. शिपायाला हवं तिथे जायला मनाई न करता आपल्याला हवं तिथे वळवण्याची ही युक्ती मला फार हुशारीची वाटते.

याच युद्धात फ्रान्सच्या चिखलात आपलीही माणसं होती. १९१४च्या सप्टेंबरात मार्सेला उतरलेल्या हिंदी पायदळाला वर्षभराहून अधिक काळ घरची रजा नव्हती. जखमी झालात तर इंग्लंडातल्या इस्पितळात बरे व्हा आणि पुन्हा आघाडीवर जा. त्यांच्या पत्रांत या नियमाविषयीची कळ पुन्हा पुन्हा येते. ती पत्रं सेन्सॉरने तपासताना नोंदून ठेवली म्हणून आज आपल्याला वाचता येतात. ब्रायटनच्या राजवाड्यात हिंदी जखमींसाठी केलेल्या इस्पितळाची छायाचित्रं तेव्हा कौतुकाने सगळीकडे छापली गेली. पण त्याच गावातल्या किचनर इस्पितळाभोवती काटेरी तारा होत्या, रोग्यांनी बाहेर गावात फिरू नये म्हणून.

डोंगरावरची हवा औषधासारखी असते, ही युरोपची जुनी श्रद्धा आपल्यालाही परकी नाही. मुंबईचा गव्हर्नर जॉन माल्कमने १८२८-२९च्या सुमारास महाबळेश्वर वसवलं ते मुळात गोऱ्यांच्या हवापालटासाठी. पुरंदर किल्ल्यावर गोऱ्या शिपायांसाठी आरोग्यधाम होतं, आणि दुसऱ्या महायुद्धात त्याच किल्ल्यावर जर्मन नागरिकांना स्थानबद्ध करून ठेवलं होतं. आरामाची जागा आणि अडकवून ठेवायची जागा यांत अंतर किती कमी, याचा याहून मोठा दाखला स्वित्झर्लंडने दिला.

१९१६च्या जानेवारीत, युद्ध ऐन भरात असताना, दोन्ही बाजूंनी काही क्षयग्रस्त युद्धकैदी स्विस डोंगरांत पाठवले. फ्रेंचांना जर्मनीतल्या छावण्यांमधून, जर्मनांना फ्रान्समधून. शत्रूने आपला कैदी सोडला आणि तो घरी न जाता तिसऱ्या, तटस्थ देशात गेला. तिथे तो बरा होणार, पण पुन्हा लढणार नाही. शंभर-शंभरने सुरू झालेली ही गंमत युद्ध संपेपर्यंत सुमारे अडुसष्ट हजारांवर गेली. दावोस, लेझँ, मुरन, शातो-दे: गिऱ्हाइकाविना ओस पडलेली हॉटेलं सैनिकांनी भरली. जर्मन मुख्यतः पूर्वेकडे आणि मध्य भागात, फ्रेंच-बेल्जियन पश्चिमेकडे; एकाच चिमुकल्या देशात एकमेकांच्या जिवावर उठलेले शेजारी. १९१६च्या मे अखेरीस पहिले ब्रिटिश कैदी शातो-देला पोचले तेव्हा स्टेशनांवर फुलं घेऊन गर्दी लोटली होती. मुरनला तर तेव्हा मोटारीचा रस्ताच नव्हता. लाउटरब्रुननच्या दरीतून दोराच्या गाडीने वर चढायचं, मग कड्याकडेने लहानशा रेल्वेने जायचं. पळून जायचं म्हटलं तरी जाणार कुठे! खर्च ज्याच्या त्याच्या सरकारचा, शिस्त स्विस लष्करी डॉक्टरांची. काहींच्या बायका विलायतेहून भेटीला येऊन गेल्या. कैद म्हणावी तर खिडकीसमोर युंगफ्राउचं शिखर.

दुसऱ्या महायुद्धात हाच खेळ निराळ्या पत्त्यांनी झाला. गोळ्या लागून लंगडत आलेली अमेरिकन बॉम्बफेकी विमानं स्विस भूमीवर उतरू लागली. आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे तटस्थ देशाने अशा वैमानिकांना युद्ध संपेपर्यंत रोखून धरायचं. त्यांना आडेलबोडेन, वेंगेन, दावोस इथल्या हॉटेलांत ठेवलं. दावोसमध्ये त्याच रस्त्यांवर जर्मन रोगी आणि नाझी समर्थकही फिरत होते. या वैमानिकांपैकी शेकडोंनी पळायचा प्रयत्न केला, आणि जे सापडले त्यांतल्या अनेकांना वाउविलरमोसच्या दंडछावणीत चिखलात आणि घाणीत दिवस काढावे लागले. स्कीइंगच्या हॉटेलातून पळणारा माणूस वेडा वाटेल. पण रजा आणि नजरकैद यांतला फरक खोलीच्या दर्जावर ठरत नाही, दार कुणाच्या मर्जीने उघडतं यावर ठरतो.

भारतीयांची स्विस डोंगरांशी गाठ पडली ती याच वर्षांत. जून १९४२मध्ये तोब्रुक पडलं तेव्हा कैद झालेल्या फौजेत मराठा लाइट इन्फन्ट्रीची दुसरी पलटण होती. उत्तर आफ्रिकेच्या लढायांत सापडलेले असे हजारो भारतीय कैदी इटलीतल्या, मग जर्मनांच्या ताब्यातल्या छावण्यांतून फिरत राहिले. पूर्व फ्रान्समधल्या एपिनालला त्यांची मोठी छावणी होती. ११ मे १९४४ला अमेरिकन विमानांनी एपिनालच्या रेल्वेवर बॉम्ब टाकले, काही छावणीवर पडले. कैदी मेले, आणि भिंती फुटल्या म्हणून कैदी सुटलेही. नकाशा नाही, भाषा येत नाही, रंग लपत नाही. तरी फ्रेंच खेडूतांनी खायला घातलं, गोठ्यात लपवलं, वाट दाखवली आणि सुमारे पाचशे जण चालत स्विस सरहद्द ओलांडून गेले. वाटेवरच्या एतोबाँ गावाने भारतीयांना आसरा दिला होता. सप्टेंबरात जर्मनांनी त्या गावातले एकोणचाळीस पुरुष एका दिवसात गोळ्या घालून मारले.

युद्ध संपल्यावर १९४५च्या उन्हाळ्यात स्विसांनी आपली दारं अमेरिकन शिपायांना रजेसाठी उघडली. गणवेशात या, पण हत्यार सरहद्दीवर ठेवा. पैसे आधी भरायचे, ठरलेल्या मार्गाने आठवडाभर फिरायचं. पुढच्या दोनेक वर्षांत तीन लाखांहून जास्त शिपाई आले. सहा वर्षं गिऱ्हाइकाची वाट पाहणाऱ्या हॉटेलांना हे वरदानच होतं. देशात स्वतःचं शिधावाटप अजून चालू होतं, ते १९४८पर्यंत चाललं, पण शिपायांना हवी होती ती घड्याळं, आणि घड्याळांना रेशनकार्ड लागत नव्हतं. मनगटावर स्विस घड्याळ बांधून परतलेला शिपाई हा त्या काळच्या अमेरिकेतला ओळखीचा माणूस.

अमेरिकन सैन्याने तोवर आणखी एक डोंगर ताब्यात घेतला होता: बव्हेरियातला ओबरझाल्सबर्ग, हिटलरचा. त्याच्या बंगल्यावर एप्रिल १९४५मध्ये ब्रिटिश विमानांनी बॉम्ब टाकले आणि मेच्या सुरुवातीला अमेरिकन पोचले. तिथलं प्लाटरहोफ हे हॉटेल नाझी पक्षाच्या पाहुण्यांसाठी वाढवलेलं. अमेरिकनांनी ते दुरुस्त करून जनरल वॉकर हॉटेल केलं आणि त्यात शिपायांनी सुट्ट्या घालवल्या, तेही १९९५पर्यंत. वर केलश्टाइनच्या शिखरावर, अठराशे मीटरहून उंच, पक्षाने हिटलरसाठी बांधलेलं घर आहे. तिथे जायला डोंगराच्या पोटात बोगदा खणलेला, आणि बोगद्याच्या टोकाला पितळेने मढवलेली लिफ्ट सरळ एकशे चोवीस मीटर वर नेते. हिटलरला उंचीची आणि लिफ्टची धास्ती वाटे, तो तिथे फारसा गेलाच नाही. ओहायोचे, टेक्ससचे हजारो शिपाई मात्र बायकापोरांसह त्या पितळी डब्यात उभे राहिले आणि वर जाऊन सूर्य बघून आले.

प्लाटरहोफ आता पाडलं आहे. पण गार्मिशला, त्याच बव्हेरियन आल्प्समध्ये, अमेरिकन लष्कराने २००४मध्ये नवं हॉटेल बांधलं, एडेलवाइस लॉज. मोहिमांवरून परतलेले सैनिक तिथे कुटुंबासह उतरतात, हिवाळ्यात स्कीइंग करतात. खोलीचं भाडं सगळ्यांना सारखं नसतं. ते हुद्द्यावरून ठरतं: खालच्या हुद्द्याला सर्वांत कमी, आणि वर जाल तसं वाढत जातं.